गुप्तहेराच्या घरी कोण असतं?

प्रभु तोळनूरे यांच्या सिनेमात खरं तर दृश्य एकच होतं. बाकीचं सगळं नमनाला घडाभर तेल.

ते दृश्य असं. एक खासगी गुप्तहेर दिवसभर चोराच्या मागावर फिरतो, त्याला पकडतो आणि दमूनभागून घरी येतो. बेल वाजवतो. दार उघडतं. दारात त्याच्याच वयाचा एक पुरुष उभा असतो, हाताला ज्वारीचं पीठ. तो म्हणतो, "आलास? हात धू, भाकरी टाकतो." गुप्तहेर आत जातो, दार लागतं, समाप्त.

यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. सोलापुरात रोज संध्याकाळी घरोघरी दारं उघडतात आणि भाकऱ्या थापल्या जातात. पण प्रभुसर एकटे राहायचे. एकट्या माणसाला स्वतःच्या दाराची बेल वाजवायचा प्रसंग येत नाही. तो खिशातून किल्ली काढतो, कुलूप काढतो, दिवा लावतो आणि सकाळी जिथं ठेवला होता तिथंच असलेल्या कपाकडे बघतो. वय त्रेपन्न, एका कॉलेजात मुख्य लिपिक, जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, साखर नाही, रक्तदाब नाही. लोक म्हणायचे, सुखी माणूस. लोकांना म्हणायला काय जातंय?

सरांना नाद एकच, रहस्यपटांचा. खुनी कोण हे त्यांना मध्यंतराच्या आधीच कळायचं, पण सांगायला शेजारी कुणी नसल्यामुळे ही विद्या वायाच जात होती. सिनेमातल्या गुप्तहेरांबद्दल त्यांची एक जुनी तक्रार होती. ह्या लोकांना घर म्हणून नसतं. एक तर ते दारू पितात, नाही तर त्यांच्या बायकोचा पहिल्या दहा मिनिटांतच खून झालेला असतो. मग एका रविवारी दुपारी मोबाइलवर एक परदेशी सिनेमा बघताना आक्रीत घडलं. खून झाला, पुरावे सापडले, खुनी पकडला गेला, आणि तो दांडगा मिशाळ गुप्तहेर घरी गेला तर स्वयंपाकघरात दुसरा एक पुरुष आम्लेट करपवत उभा. गुप्तहेरानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. अर्ध्या मिनिटाचं काम. प्रभुसरांनी ते मागं घेऊन पुन्हा बघितलं, आणखी एकदा बघितलं, आणि मोबाइल पालथा ठेवला.

आपण समलिंगी आहोत हे सरांना कॉलेजच्या दिवसांपासून ठाऊक होतं. तो शब्द मात्र त्यांनी आजवर मोठ्यानं उच्चारला नव्हता, बाथरूममध्ये नळ चालू असतानासुद्धा नाही.

त्यानंतर त्यांनी असले गुप्तहेर शोधून शोधून बघितले. हाती फारसं बरं काही लागलं नाही. एकाचा जोडीदार सुरुवातीलाच गोळी लागून मेला. एक गुप्तहेर स्वतःच खुनी निघाला. एक जण जो समुद्राकडे बघत बसला तो सिनेमा संपेपर्यंत उठलाच नाही. "अहो, पण जेवायचं कधी?" असं प्रभुसर त्याला मोबाइलमध्ये तोंड घालून म्हणाले. मरणार नाही, मारणार नाही, चोर पकडून वेळेवर घरी जेवायला जाईल असा गुप्तहेर कुणी काढत नसेल तर तो आपणच काढू, असं त्यांनी ठरवलं. अपार्टमेंटच्या स्नेहसंमेलनात दाखवायचा. सात-आठ मिनिटांचा. लोक रहस्य म्हणून बघत बसतील आणि शेवटी ते दार उघडेल. आपल्याला जन्मात तोंडानं सांगता आलं नाही ते एकदा चारचौघांसमोर पडद्यावर होऊन जाईल. मग कुणाला समजो न समजो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक झाली ती सिनेमाची गोष्ट अपार्टमेंटच्या चेअरमनना सांगण्यात.

चेअरमन म्हणजे वीरभद्रप्पा, सगळ्यांचे अप्पा, खालच्या मजल्यावर राहणारे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ल्याचा हंगाम बारमाही चालू होता. प्रभुसरांचं लग्न हा त्यांचा आवडता विषय. "अहो, आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत योगदंडाचं लग्न लागतंय दरसाली," ते म्हणायचे, "अख्खं गाव अक्षता टाकाया लोटतंय. ज्या गावात काठीचं लग्न हुतंय तितं तुमचं का हुईना?" प्रभुसर दर जानेवारीत त्या अक्षता सोहळ्याला न चुकता जायचे आणि मनापासून अक्षता टाकायचे. त्यांना ते लग्न आवडायचं. निदान तिथं कुणी कुणाला पगार विचारत नाही.

"सिनेमा? लई झकास," अप्पा म्हणाले. "पण खून नको हं. बी विंगेतले तीन फ्लॅट विकायचे हायत."

"अप्पा, रहस्यपट आहे."

"मग चोरी ठेवा की. ती बी घरातली नको, लोकांना वाटंल हितं चोऱ्या हुतात. पार्किंगमधली मोटर चोरीला जाऊ दे. पाण्याची."

अशा रीतीनं प्रभुसरांच्या मनातला खून आधी दरोड्यावर, मग चोरीवर आणि शेवटी एक हॉर्सपॉवरच्या मोटरवर आला. सरांनी हरकत घेतली नाही. त्यांना त्या दाराशी मतलब होता. गुप्तहेराच्या भूमिकेसाठी त्यांच्या डोळ्यांसमोर कॉलेजातले भूगोलाचे एक उंच सर होते, पण अप्पा म्हणाले, "माझ्याकडं कोट हाय." तिथं निवड संपली. अडुसष्ट वर्षांचा, गुडघ्याला पट्टा बांधणारा गुप्तहेर जगात कुणी काढला नसेल, एवढंच समाधान.

अप्पांच्याच आग्रहावरून पोलिसांची परवानगी काढायला जावं लागलं. स्वतःच्या पार्किंगमध्ये शूटिंग करायला परवानगी कशाला, असं सर म्हणाले, पण अप्पांचा कायद्यावर विश्वास होता. ठाण्यातले हवालदार चहा पीत होते. त्यांनी अर्ज उभा धरला, आडवा धरला.

"गुप्तहेर सरकारी का खासगी?"

"खासगी."

"लायसन?"

"साहेब, सिनेमातला आहे."

"सिनेमातल्याचंच विचारालोय मी. लग्न झालंय?"

"माझं?"

"गुप्तहेराचं."

"नाही."

"वय?"

"पन्नासच्या पुढं."

हवालदारांनी कप खाली ठेवला. "का नाही झालं?"

प्रभुसरांनी ह्या प्रश्नाला आयुष्यात निरनिराळी उत्तरं दिली होती. आईचं आजारपण, बहिणीचं लग्न, पत्रिकेतला मंगळ. गुप्तहेरासाठी मात्र एकही तयार नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. हवालदारांना दया आली असावी. "घटस्फोटित दाखवा," ते म्हणाले, "लोकांना पटतंय." आणि असल्या कामाला परवानगी लागत नाही, असं सांगून त्यांनी अर्ज परत दिला.

कॅमेऱ्यासाठी दिपाली आली. नवी पेठेत तिचा स्टुडिओ, लग्नाच्या व्हिडिओंत तिचा हात धरणारं कुणी नाही. मोटर चोरीला जाते तो प्रसंग तिनं वधूचे दागिने टिपावेत तसा टिपला. मोटरभोवती फिरून फिरून, खालून, वरून. "मोटर जरा डावीकडं वळवा की," असंही ती एकदा म्हणाली.

आता मोटर खरी दिसावी म्हणून ती खरीच वापरली होती. इमारतीची. वॉचमननं पाइपाचे नट काढून ती मोकळी केली होती, कारण चोर तोच होता. अप्पा कोट आणि कानटोपी घालून "थांब!" म्हणून ओरडले, वॉचमन मोटर उराशी धरून पळाला, आणि त्याच वेळी वरून कुणी तरी किंचाळलं, "पाणी आलं!"

नळाला चार दिवसांआड पाणी, आणि त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता. पण पाणी आलं होतं, हे खरं. सोलापुरात ह्या दोन शब्दांपुढं कुठलीही कला टिकत नाही. गर्दी म्हणून उभ्या केलेल्या बायका घागरी आणायला पळाल्या. बिभीषण नावाचा तिसऱ्या मजल्यावरचा विमा एजंट पळाला, दिपालीसुद्धा पळाली, तिचं घर मागच्याच गल्लीत आणि घरी सासू एकटीच होती. अप्पा ओरडत होते, "मोटर आण रे, मोटर!" आणि वॉचमनला वाटलं, सिनेमा चालूच आहे. तो आणखी जोरात पळाला. दोन गल्ल्या ओलांडून त्याला गाठेपर्यंत, मोटर परत बसवेपर्यंत पाणी गेलं. वरची टाकी ठणठणीत कोरडी. गुप्तहेरानं चोर पकडला, पण अख्ख्या इमारतीनं प्रभुसरांना पकडलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. एरवी सभेला माणसं गोळा करताना अप्पांच्या नाकी नऊ यायचे, आज खुर्च्या कमी पडल्या. सिनेमा बंद, असाच सगळ्यांचा सूर होता. तेवढ्यात बिभीषणची बायको मथुराबाई उठली. शेवटच्या दृश्यात दार उघडायचं काम बिभीषणला दिलं होतं.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "मला आधी सांगा, आमच्या ह्यांना त्या गुप्तहेराच्या घरात पीठ मळायला लावलंय, तर हे त्या गुप्तहेराचे कोण?"

सगळे प्रभुसरांकडे बघायला लागले. एवढी माणसं आपल्याकडे एकदम बघतील असा प्रसंग त्यांनी मनात कितीदा तरी घडवला होता. त्यात ते शांतपणे उभे राहून एक साधं वाक्य बोलायचे. आता ते उभे राहिले, आणि ते वाक्य काही येईना.

"सोबती," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हणजे... सोबत राहतात."

"भाडेकरू ठेवा," कुणी तरी म्हणालं. "आचारी," दुसरं कुणी तरी. "बायको म्हायेराला गेलीय, म्हणून मेव्हणा आलाय," हा बिभीषणचा स्वतःचा तोडगा. दोन पुरुष एका घरात का राहतील, याची पाच-सहा कारणं त्या सभेनं पाच मिनिटांत शोधून काढली. एक कारण सोडून सगळी.

अप्पांनी हात वर केला. "धाकटा भाऊ. संपलं. भाऊ असंल तर शूटिंग पुरं करा, न्हाईतर मोटरचं प्रकरण मी कमिटीपुढं नेतो."

कमिटी म्हणजे अप्पाच होते, पण ते असो. प्रभुसर म्हणाले, "बरं. भाऊ असू दे." आणि खाली बसले. आपण एवढ्या स्वस्तात विकले गेलो याचं त्यांना फार वाईट वाटलं. फक्त एक गोष्ट त्यांनी मागून घेतली. सिनेमात 'भाऊ' हा शब्द कुणी बोलायचा नाही. ज्याला समजायचं त्यानं समजावं. अप्पा म्हणाले, "बरं बरं."

मथुराबाईनं तरीही बिभीषणला त्या कामाला सोडलं नाही. दुसरं कुणी तयार होईना. तेव्हा दार उघडायचं काम सरांकडेच आलं.

जरा विचार करा. ज्या दारासाठी एवढा आटापिटा, ते दार उघडायला ते स्वतः, आणि दारात कोण? अप्पा. कोट, कानटोपी, गुडघ्याचा पट्टा, आणि सकाळपासून पोटात गॅस धरल्याची तक्रार. सरांनी हाताला पीठ लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या घराची बेल ठरल्या वेळी वाजली. त्यांनी दार उघडलं. अप्पांच्या तोंडाकडे बघून ते वाक्य निघणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी अप्पांच्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या जिन्याकडे बघितलं. त्या जिन्यावरून कुणी तरी दमून वर येतंय, असं मनात आणलं. नुसतं आणायचं होतं, चेहरा बरोबर व्हावा म्हणून. पण ते येणारं माणूस येतच राहिलं, आणि सरांचा चेहरा सरांच्या ताब्यात राहिला नाही.

"आलास?" ते म्हणाले. "हात धू, भाकरी टाकतो."

"कट," अप्पा स्वतःच म्हणाले. "माझा क्लोजअप कसा आला?"

"तुमचा घेतलाच नाही की," दिपाली म्हणाली. "गृहप्रवेशात आमी येणाऱ्यावर कॅमेरा धरतच नाही, अप्पा. आत जो उभा असतोय त्याचं तोंड धरायचं असतंय. सासूचं, नणंदेचं. सगळं तितंच दिसतंय." मग तिनं छोट्या पडद्यावर टिपलेलं परत चालवून बघितलं, सरांकडे बघितलं, आणि नेहमीची बडबड थांबवून वायरी गुंडाळायला लागली. अप्पा परत एकदा घेऊ म्हणत होते. ती नाही म्हणाली.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी पार्किंगमध्ये पडदा लागला. पडदा सोलापुरी चादरीचाच हवा हा अप्पांचा हट्ट, गावची शान म्हणून. चाचणी घेतली तर गुप्तहेराच्या कपाळातून चादरीवरचा मोर नाचत निघाला, तेव्हा मंडपवाल्याकडून पांढरं कापड आणलं. लोकांनी सिनेमा झकास एन्जॉय केला. वॉचमन पळाला तेव्हा शिट्ट्या, अप्पा ओरडले तेव्हा टाळ्या, मोटरला तर वन्समोअर. प्रभुसर शेवटच्या रांगेत खांबाला टेकून उभे होते. आता जिना. आता बेल.

दार उघडलं, आणि पडदाभर त्यांचा स्वतःचा चेहरा. लग्नाच्या सवयीनं दिपालीनं तो संथ केला होता. त्यावर, सरांना पत्ता नसताना, स्टुडिओत जाऊन भरलेला अप्पांचा धीरगंभीर आवाज आला, "आणि हा माझा धाकटा भाऊ. लई गुणी."

गेलं सगळं, सरांना वाटलं. एवढी पायपीट केली आणि अप्पांनी चार शब्दांत ती पुसून टाकली.

पडद्यावर तो चेहरा अजून तसाच होता. पहिल्या रांगेतून एक म्हातारा बायकी आवाज आला. अप्पांच्या बायकोचा, चन्नम्माक्कांचा.

"भाऊ कुटला?" अक्का म्हणाल्या. "भाऊ असं बघतोय व्हय कुटं? पन्नास वर्सं झाली संसाराला, आमच्या ह्यांनी मी दार उघडल्यावर कदी असं बघितलं न्हाय, का मी बघितलं न्हाय."

एकच हशा उसळला. लोक अप्पांच्या पाठीवर थापा मारायला लागले, अप्पा कानटोपी काढून हसायला लागले. सगळ्यांच्या बरोबर प्रभुसरही हसले, जरा जास्तच मोठ्यानं, कारण न हसणारा माणूस अशा वेळी उठून दिसतो. हसता हसता ते वाट बघत होते. आता कुणी तरी मागं वळेल. कुणाच्या तरी लक्षात येईल. आता काहीतरी होईल. समाप्तची पाटी आली, दिवे लागले आणि भजी आली. लोक भज्यांकडे वळले. बिभीषण येऊन म्हणाला, "सर, मोटरचा सीन लई भारी." सर "थँक्यू" म्हणाले. दोन भजी खाल्ली, वर गेले, कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दूधवाला असेल म्हणून सरांनी पातेलं घेऊनच दार उघडलं. दारात अक्का उभ्या होत्या, धापा टाकत. लिफ्ट बंद होती. हातात स्टीलचा डबा.

"हुग्गी केलीय, गव्हाची खीर," त्या म्हणाल्या. "सरक की बाजूला. दारातच उभी ठेवतोस का?"

त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या. खोलीभर नजर फिरवली. एक ताट, एक वाटी, दांडीवर एकाच मापाचे शर्ट. सर चहा टाकायला निघाले तर म्हणाल्या, "चहा नको. बस हितं." सर बसले.

"प्रभु," अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "कुणी हाय का रे?"

लग्न का नाही केलंस, असं त्यांनी विचारलं असतं तर सरांकडे आई होती, बहीण होती, मंगळ होता. पण हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्याला खोटं उत्तर त्यांनी तयार केलेलं नव्हतं. म्हणून खरंच बाहेर आलं.

"नाही अक्का. कुणी नाही. कधीच नव्हता."

अक्कांनी मान हलवली. दचकल्या नाहीत, समजावलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"असावं की रे," त्या म्हणाल्या. "कुणीतरी असावं की."

लग्न करा, असं प्रभुसरांना अख्खं गाव सांगून थकलं होतं. तुला कुणी असावं, असं कुणी म्हणालं नव्हतं. त्रेपन्न वर्षांचे मुख्य लिपिक प्रभु तोळनूरे हातात रिकामं पातेलं धरून रडायला लागले, नाक, डोळे, खांदे, सगळं एकदम, अजिबात न शोभेल असं.

अक्का दारापर्यंत गेल्या होत्या. त्या मागं आल्या, त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि परत खुर्चीवर बसल्या.